इंजिन विमानाचं, ब्रेक मागून आलेला: नायट्रो ट्रकच्या अपग्रेडची पार्श्वभूमी

नायट्रोचा (म्हणजे नाइट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारा) आरसी, रिमोट कंट्रोलवरचा छोटा ट्रक हातात आला की महिन्याभरात प्रत्येकाला एकच किडा चावतो, मोठं इंजिन टाकूया. मलाही चावला. सेकंडहँड घेतलेल्या ट्रकमधलं ०.१५ क्युबिक इंचाचं इंजिन काढलं, ०.२१ चं बसवलं, माउंट ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून बनवून घेतले (त्याने विचारलं, साहेब हे मिक्सरचं आहे का), क्लच बेल बदलली, सायलेन्सरचा पाइप मोठा लावला आणि रविवारी सकाळी खारघरला सिडकोच्या एका रिकाम्या प्लॉटवर गेलो. ट्रक असला सुसाट सुटला की मॉर्निंग वॉकवाले काका लोक थांबून बघायला लागले, मी पण जरा फुशारलो, आणि कडेला यायच्या आधी ब्रेकसाठी ट्रिगर पुढे ढकलला. वेग जेमतेम कमी झाला असेल. ट्रक सरळ जाऊन कर्बस्टोनवर. पुढच्या चाकांचे दोन्ही ए-आर्म (सस्पेन्शनचे हात) गेले, बंपर कुठे उडाला ते सापडलंच नाही, आणि इंजिन मात्र उलट्या पडलेल्या ट्रकमध्ये आपलं आयडलवर टुकटुक टुकटुक चालूच.

घरी उघडून बघितलं तर गिअरबॉक्सच्या बाजूला दहाच्या नाण्याएवढी एकच डिस्क, तीही इंजिनातून गळलेल्या तेलाने काचेसारखी गुळगुळीत झालेली. चार चाकांना मिळून एवढीच. एवढं सगळं डोकं लावून बनवलेली मशीन आणि ब्रेक असा नंतर आठवल्यासारखा का, हे शोधायला गेलो तेव्हा लक्षात आलं की तो खरंच नंतरच आलाय.

ह्या इंजिनांचा जन्म गाडीसाठी झालेलाच नाही, विमानासाठी झालाय. १९४७ च्या आधी मॉडेल विमानांची छोटी इंजिनं स्पार्क प्लगवर चालायची, म्हणजे विमानात बॅटरी, कॉइल, कंडेन्सर सगळं वजन घेऊन उडवायचं. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डेन ह्या माणसाने ग्लो प्लग बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरू करताना तेवढी बॅटरी लावून ती लाल करायची, नंतर बॅटरी काढून टाकायची, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की रिअ‍ॅक्शन होऊन तार तापलेलीच राहते. झालं, निम्मं सामान गेलं. जपानमध्ये ओसाकाची ओ.एस. कंपनी तर १९३६ पासूनच मॉडेल इंजिनं बनवत होती, ती पण ह्या रस्त्याने आली आणि आजही आरसीवाल्यांमध्ये ओएस म्हटलं की माणूस जरा सरळ बसतो.

आपल्याकडे पण हे विमानांतूनच आलं. एनसीसीच्या एअर विंगमधली एरोमॉडेलिंगची पोरं, कलकत्त्याला बनणारी अरोरा नावाची छोटी डिझेल इंजिनं, त्यात इथर, रॉकेल आणि एरंडेल तेल असं मिश्रण, त्यामुळे नायट्रोवाल्यांना नाइट्रोमिथेनचं नाव माहीत व्हायच्या कितीतरी आधी जळक्या एरंडेलाचा वास आपल्या मैदानांवर होताच.

आता विमानाचा विचार करा. विमानाला ब्रेक नाही, क्लच नाही. इंजिन थंड ठेवायला समोर पंखा फिरतोच आहे. सुरुवातीच्या इंजिनांना तर धड थ्रॉटलपण नव्हता, कंट्रोल लाइनचं, म्हणजे तारांनी हातात धरलेलं विमान टाकी संपेपर्यंत फुल स्पीडने गोल गोल फिरायचं आणि पेट्रोल संपलेल्या स्कूटरसारखं गप होऊन उतरायचं. हळू करता येणारा कार्बोरेटर रेडिओ कंट्रोलबरोबर रुळला. म्हणजे ह्या इंजिनाच्या रक्तात थांबणं ही गोष्टच नव्हती.

हेच इंजिन गाडीत टाकायचं ठरलं तेव्हा जे जे विमानात फुकट मिळत होतं ते सगळं नव्याने बनवावं लागलं. पंख्याची हवा नाही म्हणून डोक्यावर उष्णता बाहेर टाकणारं भलं मोठं पात्यापात्यांचं हीटसिंक हेड आलं, पंख्याचं वजन नाही म्हणून फ्लायव्हील आलं, उभ्या गाडीत इंजिन चालू राहायला सेंट्रिफ्यूगल क्लच आला. जपानच्या क्योशोने १९७० मध्ये डॅश-१ नावाची १/८ स्केलची इंजिनवाली रेसिंग कार काढली, त्याच सुमाराला अमेरिका आणि इंग्लंडमध्येही असल्या गाड्या पळत होत्या. आणि क्लच आला तिथेच ब्रेकचा घोळ झाला. बाइकवर आपण थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचतं. इथे थ्रॉटल सोडला, आरपीएम पडले, की क्लचचे शूज आत येतात आणि इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो. गाडी मोकळी. इंजिन ब्रेकिंग नावाची गोष्टच उरत नाही, म्हणून वेगळा ब्रेक लागलाच.

तो कसा बसवला? जुगाड करून, दुसरं काय. थ्रॉटलचा जो सर्व्हो (रिमोटच्या सिग्नलवर फिरणारी छोटी मोटर) आहे त्याच्याच हॉर्नला, म्हणजे फिरणाऱ्या दांडीला, दुसऱ्या बाजूने एक रॉड लावला. सर्व्हो एकीकडे फिरला की कार्बोरेटर उघडतो, दुसरीकडे फिरला की ब्रेकचा कॅम पॅड्सना डिस्कवर दाबतो. एका मोटरमध्ये दोन कामं, वजन वाचलं, एक चॅनल वाचला. अक्कल आहे ह्यात, नाही म्हणत नाही, पण त्यामुळे ब्रेक कायमचा थ्रॉटलचा धाकटा भाऊ होऊन बसला.

रेसिंगवाल्यांनी पुढे तो सुधारला. १/८ बग्गीमध्ये मधल्या डिफरन्शियलवर दोन डिस्क आल्या, एक पुढच्या चाकांसाठी एक मागच्या, आणि कुठे किती लागायचा ते वेगवेगळं अ‍ॅडजस्ट करता येतं. कारण रेसमध्ये वळणावर ब्रेक लवकर लावावा लागला तर नंबर जातो.

ट्रकवाल्यांना नंबरची काळजी नव्हती. मॉन्स्टर ट्रक हा प्रकारच मुळात दादागिरीतून आलाय, सेंट लुइसच्या बॉब चँडलरने १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ला बिगफूट बनवलं आणि १९८० च्या दशकात गाड्या चिरडायची फॅशनच आली. त्याच्या मागोमाग आरसीमध्ये तामियाचा क्लॉड बस्टर १९८७ चा, पण तो इलेक्ट्रिक. नायट्रो ट्रकचं वेड खऱ्या अर्थाने पसरवलं ते १९९९ च्या ट्रॅक्सस टी-मॅक्सने. फोर व्हील ड्राइव्ह, टू-स्पीड, आणि नायट्रोमध्ये न मिळणारी गोष्ट म्हणजे रिव्हर्स, त्यासाठी वेगळा सर्व्हो. इंजिन ०.१५ चं, म्हणजे आपल्या भाषेत जवळपास अडीच सीसी, कारण हे आकडे क्युबिक इंचात असतात आणि एक क्युबिक इंच म्हणजे १६.४ सीसी.

तिथून मग चढाओढ. एचपीआयचा सॅव्हेज ०.२१ म्हणजे साधारण साडेतीन सीसी घेऊन उतरला, ट्रॅक्ससने आधी २.५ मग ३.३ सीसीचं इंजिन दिलं, २००४ मध्ये रेव्हो आला. आणि ज्यांच्याकडे जुना टी-मॅक्स होता ते काय गप्प बसणार होते? बाहेरच्या कंपन्यांच्या चॅसी आणि माउंट घेऊन त्यात ०.२१ कोंबायची लाटच आली. मग गिअरबॉक्सचे दात जायला लागले, ड्राइव्हशाफ्ट पिळायला लागले, ते मजबूत केले, की मग बंपर जायला लागले कारण थांबायची सोय जुनीच. हिशोब अगदी शाळेतला आहे. चार किलोचा ट्रक ताशी ४० किमीवर असेल तर त्याची गतिज ऊर्जा २५० ज्यूलच्या आसपास, तोच ७० वर नेला की साडेसातशे. वेग दुप्पटसुद्धा झाला नाही पण डिस्कवरचा बोजा तिप्पट.

इंजिनाकडे मात्र सगळ्या जगाचं डोकं लागलेलं होतं, हे मान्य करायला पाहिजे. सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण वळसा घालून आत घ्यायची श्नुर्ले पोर्टिंगची आयडिया १९२० च्या दशकातल्या जर्मनीतली, डीकेडब्ल्यूने ती मोटरसायकलींत आणली. युद्धानंतर डीकेडब्ल्यूच्याच त्या त्शोपाउच्या कारखान्यात, आता पूर्व जर्मनीत, एमझेडसाठी वॉल्टर काडेन ह्या इंजिनियरने एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे मध्ये फुगीर असलेला सायलेन्सरचा पाइप, असा काही जमवला की सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट बाहेर चाललेलं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या ग्रांप्रीतून पळून पश्चिमेकडे गेला, ती विद्या सुझुकीकडे पोचली आणि १९६२ ची ५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुझुकीवर डेग्नरनेच जिंकली. म्हणजे आरएक्स १०० ला चेंबर लावून जी पोरं ठाण्यात राम मारुती रोडवर लोकांची झोप मोडायची आणि माझ्या ट्रकच्या बाजूला लटकलेला तो फुगीर पाइप, दोन्हीचं घराणं एकच.

मग एबीसी. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, स्लीव्ह पितळेची, आतून क्रोम. रिंग नाहीच. स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती, त्यामुळे थंड असताना पिस्टन वर अडकल्यासारखा होतो, नवीन माणूस घाबरतो की जाम झालं. तापलं की पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीने फुगतं आणि फिट बरोबर बसते. म्हणून नवीन इंजिन बसवल्यावर रनिंग-इन करताना ते गार ठेवून चालवणं चुकीचं, सोसायटीतल्या कितीजणांना सांगितलं, कोण ऐकतंय.

ह्या सगळ्यात पळवायचं शास्त्र खच्चून भरलंय. इंधनातसुद्धा. पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा पट, नाइट्रोमिथेनला फक्त १.७, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच आहे, म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. ट्रकच्या इंधनात नाइट्रो साधारण १० ते ३० टक्के, तेल मिसळलेलं, बाकी मिथेनॉल. तेच तेल मग फटीफटीतून उडून ब्रेकच्या डिस्कवर बसतं, हा एक वेगळाच सूड.

आणि हे मिथेनॉल म्हणजे खेळ नाही बरं का. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती ह्याच्याचमुळे. त्यामुळे कोणी मिथेनॉलचं नाव काढलं की केमिकलवाला आधी माणसाकडे बघतो, मग कागद मागतो, आणि बरोबरच आहे त्याचं. ह्याची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही. घरात मिश्रण बनवायच्या फंदात पडू नका, तयार सीलबंद कॅन महाग पडला तरी तोच घ्या.

ब्रेकच्या अपग्रेडला मी लागलो ते हे सगळं वाचून झाल्यावर, आणि करायला फारसं काही नव्हतं हीच खरी चीड. पुन्हा त्याच लेथवाल्याकडे. वागळे इस्टेट म्हणजे १९६२ मध्ये एमआयडीसी जिथे सुरू झाली ती जागा, मोठे कारखाने गेले, आयटीवाले आले, पण गल्लीत एखादा लेथ अजून फिरतोय. इलेक्ट्रिक पॅनलमध्ये वापरतात ती ग्लास एपॉक्सीची दोन एमएमची शीट, त्यातून जुन्या डिस्कपेक्षा मोठी चकती कापली, मध्ये चौकोनी भोक कानशीने घासून हबवर अगदी किंचित सरकेल इतपत ठेवलं, कारण घट्ट बसली तर एकच पॅड काम करतो. पॅड्स स्टीलचे, त्यांना चार बारीक भोकं, धूळ आणि तेल निघून जायला. शंभर रुपयात काम. खरा खर्च सर्व्होचा. जुना सर्व्हो तीन किलोचा, म्हणजे एक सेंटीमीटरच्या हॉर्नवर तीन किलोचा जोर, नवीन नऊचा घेतला, कारण मोठी डिस्क दाबणार कोण? रॉडवर स्प्रिंग ठेवली म्हणजे ट्रिगर जोरात मारला तरी चाकं एकदम लॉक होत नाहीत.

फेलसेफ पण तेव्हाच लावला. पूर्वी २७ मेगाहर्ट्झचे, फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलवाले रेडिओ सेट असायचे, शेजारी कोणी त्याच नंबरचा क्रिस्टल लावला की तुमचा ट्रक त्याचा. फुल थ्रॉटलवर सिग्नल गेला तर चार किलोचा दगड सुटल्यासारखं. २००५ मध्ये भारतात २.४ गिगाहर्ट्झ लायसन्सशिवाय वापरायला मोकळं झालं आणि नंतर त्याच बँडवरचे सेट आले, त्यात सिग्नल गेला की सर्व्हो आपोआप ब्रेककडे जाईल असं सेट करता येतं. माझ्या मते नायट्रोच्या ब्रेकला सगळ्यात मोठा मान ह्या एका फीचरने दिला.

एक आपल्या हवेचं. मे महिन्यात दमट हवेत ऑक्सिजन कमी, तेव्हा निडल (कार्बोरेटरमधला इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) थोडी लीन, म्हणजे इंधन कमी ठेवून चालते. डिसेंबरमध्ये सकाळी कोरड्या गार हवेत तीच सेटिंग ठेवली तर इंजिन जास्त लीन होऊन तापतं, आयडल चढतो, आणि आयडल चढला की क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे ब्रेक दाबताय आणि इंजिन पुढे ढकलतंय. ब्रेक लागत नाही म्हणून डिस्क बदलणारे बघितलेत मी, दोष निडलमध्ये होता. हेडवर पाण्याचा थेंब टाका, तीन-चार सेकंदात चर्र होऊन उडाला तर ठीक, लगेच उडाला तर निडल उघडा.

२००८ नंतर ब्रशलेस इलेक्ट्रिक मोटर आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीने नायट्रोची हवा काढून घेतली. भाच्याकडे तसलाच ट्रक आहे. त्याच्यात डिस्क नाही, पॅड नाही, कॅम नाही, मोटरच उलटी अडवून गाडी थांबवते. गेल्या रविवारी दोन्ही ट्रक घेऊन गेलो होतो तर तो माझा ट्रक उलटा करून ती ग्लास एपॉक्सीची चकती बोटाने फिरवत बसला आणि म्हणाला, मामा, हे कशाला आहे? सांगायला सुरुवात केली तर १९४७ पासून करावी लागली, तोवर त्याची बॅटरी संपली होती.