'रिंग अ बेल' आणि 'जॉग द मेमरी'

'आठवण होणे' एवढाच अर्थ पाठ केला, की इंग्रजीतले हे दोन वाक्प्रचार एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांच्यात मोठे अंतर आहे.

समजा, फोनवर कुणी विचारले, "जोगळेकर हे आडनाव आठवते का?" नाव कुठेतरी ऐकल्यासारखे वाटते, पण माणूस काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही, अशा वेळी इंग्रजीत 'इट रिंग्ज अ बेल' म्हणतात. मग समोरच्याने लग्नातला जुना फोटो पाठवला, आणि तो पाहताच तुम्ही म्हणालात, "अरे, हे तर आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहायचे!" येथे फोटोने तुमची मेमरी 'जॉग' केली. 'जॉग' म्हणजे कोपराने हलकेच ढोसणे. पेंगणाऱ्याला तसे ढोसले की तो जागा होतो, तशी विसरलेली गोष्ट जागी होते. पहिल्यात नुसती ओळखीची जाणीव असते, दुसऱ्यात आठवण हाताला लागते, निदान लागावी असा प्रयत्न असतो.

वाक्यरचनेत चूक होते ती बहुधा कर्त्याची. घंटा वाजवते ते नाव, चेहरा किंवा पत्ता. 'आय रँग अ बेल' म्हटले तर मी खरोखरच घंटा वाजवली, असा अर्थ होतो. काहीच आठवत नसेल तर 'इट डझन्ट रिंग अ बेल' हा नकार बोलण्यात सर्रास येतो. 'जॉग'ला मात्र 'मेमरी' हे कर्म लागतेच, आणि एखादी व्यक्तीही त्याचा कर्ता होऊ शकते.

भाषांतरात तर अधिकच जपावे लागते, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. 'माझ्या डोक्यात घंटा वाजली' असे लिहिले, तर मराठी वाचकाला धोक्याची घंटा ऐकू येते. त्या अर्थासाठी इंग्रजीत 'अलार्म बेल्स' हा निराळा प्रयोग आहे. 'रिंग अ बेल'साठी आपले 'ऐकल्यासारखे वाटते' पुरेसे नेमके आहे. 'जॉग'साठी काही जण 'आठवणींना उजाळा देणे' लिहितात, पण उजाळा द्यायचा तो मनात आधीच असलेल्या, बहुधा जिव्हाळ्याच्या आठवणींना. किल्ली कुठे ठेवली हे आठवत नसेल, तर तेथे 'आठवायला मदत होणे' हेच योग्य.