पापण्या मोजून कंपवात कळत नाही
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत उभं आयुष्य गेलेले आमचे मामा. परवा त्यांचा मुलगा मोबाइलवर वेळ लावून त्यांच्या पापण्या मोजत बसला. मिनिटाला ६! घरात रडारड. कारण वर्षानुवर्षं फिरणारा समज: पापण्या कमी लवल्या म्हणजे मेंदूतलं डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन) संपलं, कंपवात म्हणजे पार्किन्सन आलाच.

यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तो इतका चिवट. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, चेहरा स्थिर होतो, पापण्याही कमी लवतात. पण उलटं गणित चालत नाही. निरोगी माणसांच्या मेंदूतलं डोपामिनचं काम दाखवणारे पेट (PET) स्कॅन त्यांच्या पापण्या लवण्याशी ताडून पाहिले, तेव्हा डोपामिनशी सरळ नातं सापडलं नाही. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. गप्पांत जास्त, वाचताना बराच कमी. मामा तेव्हा चष्मा लावून पेपरातले बाजारभाव वाचत होते! आणि कंपवाताच्या काही रुग्णांच्या पापण्या उलट जास्तच मिटतात.

निदान होतं ते मंदावलेल्या हालचालींवरून, जोडीला ताठरपणा किंवा स्वस्थ बसल्यावरची थरथर. अक्षर बारीक होतंय का, चालताना एक हात झुलायचा थांबलाय का, ते बघा. आणि गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा. चक्करेवरची सिनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड यांनीही तशीच लक्षणं येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवली की ती बहुधा ओसरतात.