सार्वजनिक ग्रंथालयांचे परिरक्षण अनुदान (महाराष्ट्र)

गावोगावच्या संस्था चालवत असलेल्या वाचनालयांना राज्य शासन दरवर्षी देत असलेले अर्थसाहाय्य. त्याला आधार महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्याचा आणि त्याखालील १९७० च्या नियमांचा. कारभार मुंबईतील ग्रंथालय संचालनालयाकडे असतो.

महाराष्ट्रात वाचनालये आधी आली आणि शासन नंतर. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. मुंबई सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची उतरंड सुचवली, ती स्वातंत्र्यानंतर अमलात येऊ लागली. तोवर कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा करून टाकला होता. भारतातला तो पहिलाच. १९६७ च्या कायद्याने शासकीय वाचनालयांचे जाळे विणण्याऐवजी लोकांनी उभ्या केलेल्या संस्थांनाच मान्यता देऊन पोसायचे ठरवले. तमिळनाडूसारखा ग्रंथालय कर मात्र लावला नाही. (गोव्याने १९९३ च्या कायद्यात यासाठी मद्यावर अधिभार बसवला, वाचकांसाठी पिणाऱ्यांनी भरायचे!) त्यामुळे महाराष्ट्रातील अनुदान पूर्णपणे राज्याच्या अर्थसंकल्पावर अवलंबून आहे.

निवड दरवर्षी नव्याने होत नाही. खरी निवड दोनदाच होते, मान्यता देताना आणि वर्ग ठरवताना. अर्ज करणारी संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली हवी, वाचनकक्ष सर्वांना मोफत खुला हवा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी तपासणीला येतात तेव्हा दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक ग्रंथाची नोंद), ग्रंथांची देवघेव, वर्गणीदारांची यादी, वाचकांची हजेरी आणि लेखापरीक्षित हिशेब पाहतात. ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास, सेवक यांवरून अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो; अ सर्वांत वरचा. त्याशिवाय जिल्हा, तालुका व इतर असा दर्जा असतो. तालुक्यातील एकाच संस्थेला ‘तालुका’ दर्जा मिळत असल्याने त्यासाठी गावागावांत चुरस असते आणि ती नेहमीच ग्रंथप्रेमापोटी असते असे नाही. मान्यता एकदा मिळाली की अनुदान वर्षाला दोन हप्त्यांत येत राहते; त्रुटी आढळल्यास कपात होते, वर्ग उतरतो किंवा मान्यता जाते.

ही पद्धत कागद मोजते, वाचन मोजत नाही. चोख नोंदवह्या ठेवणारे बंद वाचनालय आणि गजबजलेले पण दप्तर ढिसाळ असलेले वाचनालय यांत पहिलेच सरस ठरू शकते. केवळ कागदोपत्री चालणाऱ्या वाचनालयांच्या तक्रारी वाढल्यावर मे २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गोन्नती बरीच वर्षे थांबली. बोगस संस्थांना चाप बसला, पण उद्योगी तरुणांनी नव्याने काढलेली वाचनालयेही दाराबाहेर राहिली. ‘ड’ वर्गातले वाचनालय कितीही वाढले तरी ‘ड’मध्येच अडकले. आधीपासून यादीत असलेल्यांची संख्या सुमारे अकरा हजार आहे.

रकमेचा प्रश्न जुनाच आहे. २०१२ च्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने साठ टक्के वाढ मंजूर केल्यावर ते ४८,००० झाले. जिल्हा ‘अ’ वर्गाचे अनुदान ७,२०,००० वरून ११,५२,००० रुपयांवर गेले. अनुदानातील साधारण निम्मा भाग सेवकांच्या वेतनासाठी, उरलेला ग्रंथखरेदी व इतर खर्चासाठी असतो. म्हणजे २०२२ च्या वाढीनंतरही ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाच्या वाट्याला महिना सुमारे दोन हजार रुपये आले. सेवकांना वेतनश्रेणी द्यावी ही ग्रंथालय संघांची मागणी याच आकड्यातून सतत डोके वर काढते. शासनाच्या लेखी मात्र ते संस्थेचे नोकर आहेत, शासनाचे नव्हेत.