कवळाण्याचे तीन भाऊ आणि बडोद्याची गादी

सयाजीराव गायकवाडांची गोष्ट निघाली की एक किस्सा हमखास येतो. "इथं कशाला आलास?" असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, ताडकन म्हणाला, "राज्य करायला!" उत्तर झकास आहे, मागाहून रचलेलं वाटावं इतकं झकास. पण खेड्यातला मुलगा बडोद्याच्या वाड्यापर्यंत पोहोचला तो हजरजबाबीपणामुळे नव्हे, दत्तकविधानामुळे.

गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात दत्तक म्हणजे संस्थानावर टांगती तलवार होती; दत्तक नाकारला की राज्य खालसा. १८४८ मध्ये साताऱ्याचं दत्तकविधान नामंजूर झालं, पुढे झाशीचंही तेच. १८५७ नंतर इंग्रजांनी धोरण फिरवलं आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्यामुळे बडोद्याचा पेच आला तेव्हा राज्य खालसा करण्याची भाषा झाली नाही.

पेच मात्र मोठा होता. बडोद्याचे महाराज खंडेराव १८७० मध्ये वारले आणि भाऊ मल्हारराव गादीवर आले. १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशी आयोगातल्या तिन्ही भारतीय सदस्यांना तो सिद्ध झालेला वाटला नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत केलं. त्यांच्या वंशालाही वगळलं आणि दत्तक घेण्याचा मान खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना दिला.

मग शोध सुरू झाला भाऊबंदांचा. मालेगावजवळच्या कवळाण्यात बडोद्याच्या राजघराण्याचे मूळपुरुष पिलाजीराव यांचे पुत्र प्रतापराव यांची शाखा शेती करून राहत होती. आडनाव गायकवाड, पण बडोद्याच्या वैभवाशी संबंध नावापुरताच. तिथल्या काशीरावांचे आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव हे मुलगे बडोद्याला आणले गेले. २७ मे १८७५ रोजी मधला गोपाळ दत्तक गेला आणि सयाजीराव झाला.

मला या प्रकरणात सगळ्यात बोचतं ते इथं. दत्तकविधान झालं की शास्त्राने मुलगा जन्मदात्याचा उरत नाही. कालपर्यंत एका ताटात जेवलेल्या तिघांपैकी एक आता खंडेरावांचा वारस, महाराज. उरलेले दोघे महाराजांचे आश्रित नातलग. थोरल्या आनंदरावांनीही धाकट्याला मुजरा करायचा.

गोपाळला तेव्हा धड लिहिता-वाचता येत नव्हतं. १८७५ च्या अखेरीस इलियट हे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा एकदमच सुरू झाल्या. राज्यकारभार कसा करावा यावर दिवाण टी. माधवराव यांनी दिलेली व्याख्यानं पुढे छापलीही गेली. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले.

धाकटे संपतराव पुढे विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले.