सेविका की शिक्षिका? अंगणवाडीतल्या शिकवण्याची पार्श्वभूमी

अंगणवाडी हा शब्द सरकारी योजनेपेक्षा जुना आहे. १९४५ च्या सुमारास तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि १९५७ पासून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं राहिलं, त्यात वारली पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. महागड्या साधनांच्या जागी चिंचोके, शिंपले, पानं, खडे आले. मुलांना आधी आंघोळ घालायची, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल जिथे आहे आणि जे बोलतं, तिथून शिकवायला सुरुवात करायची, हे शिक्षिका घडवण्याचं तत्त्व तिथलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. शब्द आला, अर्थ मात्र बदलून आला. योजनेत सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण व आरोग्य शिक्षण आणि 'अनौपचारिक शालापूर्व शिक्षण'. शिक्षणाला लावलेलं 'अनौपचारिक' हे विशेषण पुढे फार महागात पडलं. तीन वर्षांच्या मुलाला पाटी-पेन्सिलीच्या धाकात बसवू नये, एवढाच त्यामागचा चांगला हेतू. पण कागदावर त्याचा अर्थ असा निघाला की हे शिक्षण नव्हेच आणि ते देणारी बाई शिक्षिका नव्हे. ती सेविका, 'मानसेवी'. तिला मिळतं ते मानधन, पगार नव्हे.

'सेविका' या एका शब्दाभोवतीचा झगडा पन्नास वर्षांनीही मिटलेला नाही. कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं, की सेविका शासकीय पदावर नाहीत. गुजरातमधून आलेल्या दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्या निकालातला एक मुद्दा मला उपदानापेक्षाही मोलाचा वाटतो: अंगणवाडीत तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी जे चालतं ते निव्वळ शैक्षणिक काम आहे आणि शिकवण्याचं काम सेविका-मदतनीस करतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तरी त्यानंतरही महाराष्ट्रातल्या सेविकांना डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा दीर्घ संप करावा लागला.

कायद्यानेही हे वय उंबऱ्याबाहेरच ठेवलं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतलं मूल मार्गदर्शक तत्त्वात, म्हणजे न्यायालयातून मागता न येणाऱ्या अपेक्षेत राहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम ११ पूर्वप्राथमिकची व्यवस्था शासनावर बंधनकारक करत नाही, 'करता येईल' एवढंच म्हणतं. अध्यापक पदविकाही त्याच रेषेवर थांबली. डी.एल.एड. करून बाहेर पडणारी नवी शिक्षिका पहिलीच्या वर्गापासून पुढची. तिच्यासमोर येणारी मुलं त्याआधी तीन वर्षं कुठल्या भाषेत वाढली, त्यांना गोष्ट कुणी सांगितली, हे तिच्या तयारीत जवळजवळ नसतंच. कोरकू बोलणारं मूल मेळघाटातल्या पहिलीत गप्प बसतं, तेव्हा त्याला काही येत नाही असं समजलं जातं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर अर्धं वर्ष हिंडलेल्या मुलाचीही तीच गत.

अशा वर्गासाठी सगळ्यात मोठी शिदोरी सेविकेकडेच होती. सेविका स्थानिक रहिवासी असावी, ही योजनेतली जुनी अट. तिला मुलाची बोली येते, घर माहीत असतं. महाराष्ट्रातल्या २०२३ च्या भरतीत बारावी उत्तीर्ण ही अट आली आणि त्याबरोबर आणखी एक: केंद्रातली निम्म्याहून जास्त मुलं मराठीखेरीज दुसरी भाषा बोलत असतील, तर ती भाषा जाणणारी उमेदवार हवी. गोंडी, पावरी, कोरकू, बंजारा, उर्दू, कन्नड ही नावं जाहिरातींमध्ये छापून आली. भाषेचं हे ज्ञान नेमणुकीपुरतं मोजलं गेलं. ते वर्गात कसं वापरायचं, हे शिकवण्याची वेळ आली तेव्हा मात्र हात आखडला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं वयाचा हा सलग पायाभूत टप्पा मानला. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला. हे बदल मनापासून स्वागतार्ह आहेत. मे २०२३ मध्ये अंगणवाडीत आहाराबरोबर शिक्षणावरही भर देणारं केंद्र सरकारचं 'पोषण भी, पढाई भी' सुरू झालं; त्यात सेविकेच्या वाट्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण आलं. धोरणात तिच्यासाठी सुचवलेली तयारी अशी: बारावी झालेलीला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका. हे शिक्षण दूरस्थ पद्धतीने, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोनवरून घ्यायचं. त्याच फोनवर २०२१ पासून तिला मुलांची वजनं-उंची आणि आहाराच्या नोंदीही भराव्या लागतात. प्रत्यक्ष समोर बसून शिकायचा वर्ग महिन्यातून किमान एक.