सेमाटेक

सेमाटेक : अमेरिकेतील चौदा चिप-उत्पादक कंपन्यांनी केंद्र सरकारच्या मदतीने १९८७ मध्ये उभारलेली सामाईक संशोधन संस्था. मुख्यालय टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे. जपानी स्पर्धेपुढे मागे पडलेला देशी अर्धसंवाहक (सेमीकंडक्टर), म्हणजेच चिपचा उद्योग पुन्हा जागतिक बाजारात उभा करणे हे तिचे उद्दिष्ट होते. एखाद्या देशाने हा उद्योग स्पर्धेत टिकवण्यासाठी नेमके काय करावे, या प्रश्नाची चर्चा आजही सेमाटेकच्या उदाहरणाशिवाय पुरी होत नाही. मात्र तिची मूळ योजना फसली आणि वाटेत स्वीकारलेली दुसरी योजना फळली, ही गोष्ट त्या चर्चेत बहुधा राहून जाते.

पार्श्वभूमी : संगणकाच्या स्मृतीसाठी लागणारी डीरॅम चिप ही मूळची अमेरिकी निर्मिती. जपान सरकारने १९७६ ते १९८० या काळात फुजित्सु, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा या पाच कंपन्यांना ‘व्हीएलएसआय’ (एका चिपवर फार मोठ्या संख्येने घटक बसवण्याच्या तंत्राच्या) प्रकल्पात एकत्र आणले. चिप बनवणाऱ्या यंत्रांवर या प्रकल्पाचा मोठा भर होता. त्याच काळात निकॉन आणि कॅनन या कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपन्या लिथोग्राफी यंत्रांच्या, म्हणजे प्रकाशाने चिपवर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रांच्या, धंद्यात पाय रोवू लागल्या. १९८० मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या एका अधिकाऱ्याने वॉशिंग्टनमधील परिषदेत आपल्या कंपनीच्या चाचण्यांचे निकाल मांडले. जपानी मेमरी चिपपेक्षा अमेरिकी चिप कितीतरी पटीने अधिक बिघडत होत्या. जपानी माल निव्वळ स्वस्त म्हणून खपतो, हा अमेरिकी उद्योगाचा समज त्या आकड्यांपुढे टिकला नाही.

१९८५ मध्ये इंटेलने डीरॅमचा धंदा सोडला. पुढच्याच वर्षी अर्धसंवाहकांच्या एकूण जागतिक विक्रीत जपान अमेरिकेच्या पुढे गेला. १९८६ मध्ये दोन्ही देशांत चिपविषयीचा व्यापार करार झाला. जपान तो पाळत नसल्याचे सांगून १९८७ मध्ये रेगन सरकारने सुमारे ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के आयातशुल्क लावले. शुल्कामुळे परकी माल महाग झाला, पण अमेरिकी कारखान्यांतील सदोष चिपचे प्रमाण त्यातून कमी होणार नव्हते. लष्करी उपकरणांच्या चिपसाठी परदेशावर अवलंबून राहावे लागेल, अशी भीती संरक्षण खात्याच्या विज्ञान मंडळाने त्याच वर्षी व्यक्त केली. सरकारी तिजोरी उघडायला ती पुरेशी ठरली.

स्थापना व रचना : सदस्यांमध्ये आयबीएम, इंटेल, एटी अँड टी, मोटोरोला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, एएमडी, नॅशनल सेमीकंडक्टर, मायक्रॉन टेक्नॉलॉजी अशी नावे होती. वार्षिक खर्च सुमारे २० कोटी डॉलर होता. त्यातला निम्मा वाटा संरक्षण खात्याची ‘डार्पा’ ही संस्था उचलत असे. प्रत्येक कंपनीने आपल्या अर्धसंवाहक विक्रीच्या १ टक्का वर्गणी द्यायची होती; किमान १० लाख आणि कमाल दीड कोटी डॉलर. मक्तेदारीविरोधी कायद्यांमुळे स्पर्धक कंपन्यांना असे एकत्र बसणे पूर्वी धोक्याचे होते. १९८४ च्या सहकारी संशोधन कायद्याने ती अडचण बरीच दूर केली. तांत्रिक कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण सदस्य कंपन्यांनी ठरावीक मुदतीसाठी पाठवलेले अभियंते होते. मुदत संपली की शिकलेले घेऊन ते आपापल्या कंपनीत परतत. ज्ञान कारखान्यांत पोचवण्याचा हा मार्ग कोणत्याही अहवालापेक्षा खात्रीचा होता.

एकात्मिक मंडलाच्या (म्हणजेच चिपच्या) जनकांपैकी एक आणि इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस १९८८ मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी संस्थेचे प्रमुख झाले. सगळ्या कंपन्यांना मान्य होईल असे दुसरे नाव क्वचितच सापडले असते. जून १९९० मध्ये त्यांचे निधन झाले आणि सूत्रे विल्यम स्पेन्सर यांच्याकडे आली.

दिशाबदल : सर्वांनी मिळून चिप बनवण्याची उत्तम पद्धत विकसित करायची आणि ती आपापल्या कारखान्यात न्यायची, अशी मूळ कल्पना होती. आयबीएम आणि एटी अँड टी यांनी सुरुवातीला आपल्या मेमरी चिपच्या उत्पादनपद्धती देऊ केल्या. पण या धंद्यात नफा आणि तोटा यांतला फरक उत्पादनपद्धतीच ठरवते. आपले मर्म प्रतिस्पर्ध्यापुढे कोण उघडे करणार? सहकार्य तिथेच अडले.

सगळ्यांची एक अडचण मात्र सारखी होती, ती यंत्रांची. वेफरवर (ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) थर चढवणारी, नक्षी कोरणारी, मोजमाप घेणारी यंत्रे छोट्या अमेरिकी कंपन्या बनवत आणि जपानी यंत्रांपुढे त्या मोडकळीला आल्या होत्या. प्रत्येक चिप-कंपनी त्यांच्याकडे वेगळे निकष घेऊन जाई आणि त्याच चाचण्या पुन्हा स्वतः करी. सेमाटेकने पैसा आणि माणसे या यंत्रनिर्मात्यांकडे वळवली. यंत्र किती तास अखंड चालते, खरेदीपासून देखभालीपर्यंत एकूण किती खर्चात पडते, हे मोजण्याच्या सामाईक पद्धती ठरवल्या आणि नव्या यंत्रांच्या चाचण्या एकाच ठिकाणी घेतल्या. वृत्तपत्रांत गाजण्यासारखे हे काम नव्हते. सेमाटेकची खरी कमाई मात्र हीच आहे.

लिथोग्राफीत हा मार्ग तोकडा पडला. मॅसॅच्युसेट्समधील जीसीए ही कंपनी एकेकाळी ‘स्टेपर’ यंत्रांत (वेफरवर टप्प्याटप्प्याने नक्षी उमटवणाऱ्या लिथोग्राफी यंत्रांत) जगात अग्रेसर होती. सेमाटेकने तिच्यावर मोठा खर्च केला आणि नवे यंत्र चांगलेही झाले, पण तोवर ग्राहकांचे कारखाने निकॉनच्या यंत्रांवर बसले होते. १९९३ मध्ये जीसीए बंद पडली. पुढे या क्षेत्रात नेदरलंड्सच्या एएसएमएल या कंपनीची सत्ता आली.

मूल्यमापन : १९९३ मध्ये केवळ अमेरिकी यंत्रे वापरून ०.३५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या रेषांची चिप बनवण्याचे लक्ष्य संस्थेने गाठले. त्याच वर्षी जागतिक विक्रीत अमेरिका पुन्हा पहिली आली. याचे सारे श्रेय सेमाटेकला देणे चूक ठरेल. वैयक्तिक संगणकांमुळे इंटेलच्या मायक्रोप्रोसेसरला अफाट मागणी आली होती, दक्षिण कोरियाने डीरॅममध्ये जपानला मागे रेटायला सुरुवात केली होती, आणि जपानची अर्थव्यवस्था १९९० नंतर मंदावली होती. डग्लस अर्विन व पीटर क्लेनो या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार सदस्य कंपन्यांचा संशोधनावरचा खर्च सेमाटेकमुळे सुमारे ९ टक्क्यांनी घटला. म्हणजे एकच काम अनेकांनी स्वतंत्रपणे करणे थांबले.

टीकाही झाली. सायप्रस सेमीकंडक्टर या छोट्या चिप-कंपनीचे प्रमुख टी. जे. रॉजर्स यांचा आक्षेप असा, की सरकारी पैसा बड्या कंपन्यांनाच मिळतो आणि छोट्या बाहेर राहतात. किमान वर्गणीची रक्कम पाहता या आक्षेपात तथ्य होते. एलएसआय लॉजिक आणि मायक्रॉन टेक्नॉलॉजी १९९२ मध्ये बाहेर पडल्या.

उत्तरकाळ : सरकारी अनुदान नको, असे संस्थेनेच १९९४ मध्ये जाहीर केले आणि १९९६ नंतर ते थांबले. एखाद्या उद्योगाने चालू मदत आपणहून सोडल्याची उदाहरणे विरळाच. पुढे परदेशी कंपन्यांनाही सदस्यत्व खुले झाले. तैवानची टीएसएमसी त्यांपैकीच एक. हळूहळू कामकाज न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे गेले आणि २०१५ मध्ये संस्था तिथल्या सरकारी विद्यापीठाच्या तंत्रसंस्थेत विलीन झाली.

२०२२ च्या ‘चिप्स’ कायद्याने अमेरिकेने याच उद्योगासाठी पुन्हा सुमारे ५२.७ अब्ज डॉलर मंजूर केले. त्यांतले ३९ अब्ज कारखान्यांच्या उभारणीसाठी आणि सुमारे ११ अब्ज संशोधनासाठी होते. संशोधनाच्या वाट्यातून कंपन्यांना एकत्र वापरता येईल असे राष्ट्रीय अर्धसंवाहक तंत्रज्ञान केंद्र उभारण्याची तरतूद या कायद्यात आहे.