संगीत नाटकाचे थेट प्रक्षेपण

रंगमंचावरचा संगीत नाटकाचा प्रयोग, मागाहून काटछाट न करता, चालू असतानाच दूरचित्रवाणीवर दाखवण्याची पद्धत. गद्य नाटकापेक्षा हे काम फार अवघड. त्याचे मुख्य कारण वेळ हे आहे. प्रयोग किती वाजता संपणार हे वाहिनीला आधीच कळावे लागते. पद किती रंगणार हे मात्र गायक नट आणि समोरचे रसिक त्या घडीला ठरवतात.

बेळगाव सीमाभागाशी या परंपरेचे नाते जुने आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांच्याआधीच्या विष्णुदास भावे यांच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणत असे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि पात्रानेच आपली पदे गाण्याची रीत रुजली. याच जिल्ह्यातल्या कुलगोडच्या तम्मण्णांचे कानडी लोकनाट्य ‘श्रीकृष्ण पारिजात’ही गाण्यावरच उभे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी रसिकाचा कान असा दोन्ही भाषांतल्या नाट्यगायनावर तयार होत आला आहे. ‘वन्स मोअर’ मागणे त्याला आपला हक्क वाटतो, आणि तो आहेच. एका पदाला असा दुसरा फेरा मिळाला की पुढचे सगळे वेळापत्रक सरकते. म्हणून आलाप, ताना आधीच मोजून बांधायच्या ठरल्या, तर पदातला जीवच जातो.

ध्वनीचा प्रश्न त्याखालोखाल येतो. ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर किंवा विंगेजवळ असतात. साथीदार नटाच्या श्वासावर लक्ष ठेवून वाजवतो. नटाच्या अंगावरच्या छोट्या मायक्रोफोनमध्ये ऑर्गनचा आवाज शिरतो, शेल्याची किंवा शालूची सळसळ शिरते, घामाने तो बंदही पडतो. साथ वेगळ्या खोलीत नेली तर ध्वनी स्वच्छ मिळतो, पण नजरेची ती देवघेव तुटते. कॅमेऱ्याचे चित्र यंत्रणेतून जाताना किंचित रेंगाळते. ध्वनीही तेवढाच थोपवला नाही, तर ओठ आणि सूर जुळत नाहीत. गाण्यात ही चूक ताबडतोब डोळ्यांत भरते. दृश्य बदलणाऱ्यालाही ताल कळायला हवा: तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत असताना कॅमेरा दुसऱ्या पात्राकडे वळला, तर घरच्या प्रेक्षकाची समच हुकते.

प्रकाश, रंगभूषा, रंगवलेले पडदे शेवटच्या रांगेसाठी योजलेले असतात. जवळून ते भडक दिसतात.

अमेरिकेत सीबीएस वाहिनीने ३१ मार्च १९५७ रोजी ‘सिंड्रेला’ हे संगीत नाटक थेट दाखवले; ते मुळात दूरचित्रवाणीसाठीच लिहिले होते, म्हणून वेळ आधीच बांधलेली होती. २०१३ साली एनबीसी वाहिनीने केलेल्या थेट संगीतिकेत समोर प्रेक्षक नव्हते; पदे संपल्यावर पसरणारी शांतता जाणवत राही. फॉक्स वाहिनीने २०१६ मध्ये आपल्या थेट संगीतिकेला प्रेक्षक आणले. २०१९ मध्ये त्याच वाहिनीच्या ‘रेंट’ या संगीतिकेच्या आदल्या दिवशी एका नटाच्या पायाला दुखापत झाली आणि बहुतेक वेळ रंगीत तालमीचेच चित्रण दाखवावे लागले.

सीमाभागातल्या हौशी मंडळींपाशी दुसरी फळी नसते, रंगीत तालीम चित्रित करून ठेवण्याइतका खर्चही झेपत नाही. गायक नटाचा घसा बसला की प्रक्षेपणच थांबते. पुण्या-मुंबईला गेलेल्या नातलगांसाठी प्रयोग इंटरनेटवरून दाखवला, तर तो काही सेकंद उशिरा पोहोचतो. त्यांची दाद येईपर्यंत नट पुढच्या कडव्यावर गेलेला असतो.